गेंड्या भुंग्याच्या आतड्याला काय कळतं?

कोलाडच्या आसपास, कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरच्या वाड्यांत माडाच्या झावळीवर त्रिकोणी कात्रे दिसले, की त्याचं कारण कुणी कुणाला विचारत नाही. ‘गेंड्या लागला’ एवढंच म्हणतात. भुंगा रात्री माडाच्या शेंड्यात शिरतो आणि अजून न उलगडलेल्या सुईला भोक पाडतो. मिटलेल्या पात्यांच्या थरांतून ते भोक आरपार जातं. पुढे सुई उलगडली, की एकाच भोकाचे दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर कात्रे झालेले दिसतात. भोकाच्या तोंडाशी चावून चोथा केलेले तंतू लोंबत असतात. गेंड्या तंतू खात बसत नाही. कोवळ्या गाभ्याचा रस पितो आणि चोथा मागे ढकलतो.

भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. तिथून सुटलेलं पाणी कुंडलिकेला मिळतं आणि पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी शेतीत जातं. त्यामुळे या पट्ट्यात पावसाळा संपला तरी ओल टिकते. उन्हाळी भात होतो, माड-पोफळीला पाणी मिळतं आणि गोठ्यामागची गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा, बारमाही ओली राहते. गेंड्याला राहायला याहून बरी जागा नाही. अंडी गायरीत, खाणं माडावर, आणि दोन्हींमधलं अंतर एका उड्डाणाचं.

या भुंग्याचं शास्त्रीय नाव ओरिक्टेस ऱ्हायनोसेरॉस. १७५८ साली लिनीयसने त्याची नोंद केली. लांबी साडेतीन ते पाच सेंटिमीटर, रंग काळा ते तपकिरी, डोक्यावर मागे वळलेलं शिंग. नराचं मोठं, मादीचं आखूड. त्याच्याविषयी आपण वाचतो ते बहुधा नुकसानीचं आणि फवारणीचं. पण त्याच्यापाशी एक फार सुरस प्रश्न आहे. रस किती प्यायचा, कधी थांबायचं, अंगातलं जादा पाणी कधी टाकायचं, अंडी धरायची की अजून खातच राहायचं, हे त्याला कसं कळतं? मेंदूमुळे कळतं, हे उत्तर खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं त्याच्या आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या काही पेशींकडे आहे. या पेशी खाल्लेलं अन्न ओळखतात आणि त्याप्रमाणे रक्तात संप्रेरकं सोडतात.

अस्तराच्या आत

माडाच्या शेंड्यातून हुकाने ओढून काढलेला गेंड्या कोंबड्यांपुढे टाकण्याआधी एकदा उघडून पाहावा असा असतो. त्याला कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतं तेवढं सामान पुरतं: मेणाची तबकडी, टाचण्या, बारीक कात्री, सलाइन आणि भिंग. पाठीवरची दोन कठीण पंखावरणं आणि त्यांखालचे घडी घातलेले पंख काढले, की पोटाची वरची बाजू मऊ लागते. ती कडेकडेने कापून उचलली, की आधी चंदेरी श्वासनलिका दिसतात आणि त्यांच्यात गुंतलेले मेदाचे पुंजके. ते हलकेच बाजूला सारले, की वेटोळी घातलेली नळी हाती येते. हेच त्याचं आतडं.

या नळीचे तीन भाग असतात. पुढचं अग्रांत्र आणि मागचं पश्चांत्र आतून कायटिनच्या पातळ कातडीने मढलेलं असतं. अळी कात टाकते तेव्हा तीही कातडी निघून येते. मधलं मध्यांत्र मात्र आतून उघडं असतं. पचन आणि शोषण प्रामुख्याने इथेच चालतं. मध्यांत्र बाहेरून भिंगाखाली धरलं, तर त्याच्या पृष्ठभागावर असंख्य बारीक फुगीर टोकं बाहेर आलेली दिसतात. गाई-म्हशींच्या किंवा माणसाच्या आतड्यावर बाहेरून असं काही नसतं. भुंग्यांच्या अनेक कुळांत मात्र ते नेहमीचं आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जेम्स नार्डी यांनी तऱ्हेतऱ्हेच्या भुंग्यांची मध्यांत्रं तपासून या रचनेचा बारकाईने अभ्यास केला. या टोकांमध्ये मूळपेशींचे पुंजके असतात. अस्तरातली झिजलेली पेशी गळून पडते तिच्या जागी इथूनच नवी पेशी येते.

आता मध्यांत्राचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवू. सगळ्यांत जास्त दिसतात त्या उंच, खांबी आकाराच्या पचनपेशी. पाचक रस सोडायचे आणि पचलेलं शोषायचं, हे त्यांचं काम. पोकळीकडच्या त्यांच्या तोंडाला अतिसूक्ष्म उंचवट्यांची दाट ओळ असते, त्यामुळे शोषणाचं क्षेत्रफळ कितीतरी वाढतं. दुसऱ्या प्रकारच्या पेशी म्हणजे वर सांगितलेल्या मूळपेशी. तिसरा प्रकार शोधावा लागतो. भाताच्या खाचरात मधूनच एखादं परक्या जातीचं रोप दिसावं, तशा या पेशी पचनपेशींच्या गर्दीत एकेकट्या उभ्या असतात. आतला द्रव फिकट आणि त्यात गडद कणांची दाटी. ही कणांची दाटी पोकळीकडे नसते, ती पेशीच्या बुडाशी म्हणजे रक्ताच्या बाजूला असते. एकेक कण साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्याशिवाय तो धड दिसला नाही. या कणांत संप्रेरक भरलेलं असतं.

कण बुडाशी असण्यात सगळी मेख आहे. पाचक रस पोकळीत सोडायचे असते, तर कण वरच्या तोंडाशी असते. इथला माल रक्तात जायचा आहे. कीटकांना आपल्यासारख्या बंद रक्तवाहिन्या नसतात. त्यांचं रक्त शरीराच्या पोकळीत मोकळं फिरतं आणि आतडं त्यात बुडालेलं असतं. आतड्याच्या पेशीने बुडातून काही सोडलं, की ते तिथल्या तिथे रक्तात मिसळतं आणि मेंदूपासून बीजांडापर्यंत कुठेही पोचू शकतं.

या पेशींतही दोन प्रकार आहेत. काहींचं वरचं निमुळतं टोक थेट पोकळीपर्यंत जातं आणि अन्नाला स्पर्श करतं. त्यांना उघड्या पेशी म्हणतात. काहींचं टोक पोकळीपर्यंत पोचतच नाही, त्या बंद पेशी. उघडी पेशी साखर, प्रथिनांचे घटक, आम्ल-अल्कली हे थेट ओळखू शकते. बंद पेशीला आतडं ताणल्याचं किंवा शेजारच्या पेशींकडून काही कळतं. चव फक्त जिभेवर घेतली जाते, हा आपला समज भुंग्याच्याच काय, आपल्या स्वतःच्या बाबतीतही अपुरा आहे.

पहिलं संप्रेरक आतड्याचंच

संप्रेरकांची गोष्ट मुळात आतड्यापासूनच सुरू झाली, हे आता फारसं कुणाच्या लक्षात नसतं. जानेवारी १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्यावर एक प्रयोग केला. लहान आतड्याच्या एका तुकड्याच्या सगळ्या नसा त्यांनी तोडल्या आणि त्यात आम्ल सोडलं. पचनाचं सगळं नियंत्रण नसांमार्फत होतं, असं तेव्हा पावलॉव्हसारखे दिग्गज मानत होते. ते खरं असतं तर नसा तोडल्यावर स्वादुपिंड गप्प बसायला हवं होतं. ते गप्प बसलं नाही, त्याने रस सोडला. मग या दोघांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, आम्लाबरोबर घोटलं, गाळलं आणि तो अर्क रक्तात टोचला. स्वादुपिंडाने पुन्हा रस सोडला. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन असं नाव दिलं. इन्सुलिन हाती यायला त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं लागली.

कीटकांना संप्रेरकं असतात हे पोलंडच्या स्टेफान कोपेच यांनी १९२०च्या सुमारास पतंगाच्या अळ्यांवर दाखवलं. अळीचा मेंदू काढला तर ती कोषात जात नाही आणि मेंदूकडून येणारा निरोप नसांतून नव्हे तर रक्तातून जातो, हे त्यांनी सिद्ध केलं. पुढे कीटकशास्त्रज्ञ विगल्सवर्थ यांनी रक्त पिणाऱ्या ढेकणाच्या एका भाईबंदावर काम केलं. पोटभर रक्त पिऊन पोट ताणलं गेलं, की तो कीटक कात टाकायच्या तयारीला लागतो, हे त्यातून समजलं. पोट आणि वाढ यांचा संबंध उघड झाला; आतड्याच्या अस्तराकडे मात्र बराच काळ कुणाचं लक्ष गेलं नाही.

ते गेलं १९७०च्या आणि १९८०च्या दशकांत. जपानी संशोधकांनी झुरळाच्या मध्यांत्रातल्या या पेशींचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपशीलवार वर्णन केलं. त्याच काळात एक निराळं साधन हाती आलं. १९७७ मध्ये प्राइस आणि ग्रीनबर्ग यांनी समुद्रातल्या एका शिंपल्याच्या मज्जागंडांतून हृदयाचे ठोके बदलणारा अवघ्या चार अमिनो आम्लांचा रेणू वेगळा केला. त्याचं नाव एफएमआरएफ-अमाइड. त्याला चिकटणारी प्रतिपिंडं तयार झाली आणि ती कीटकांच्या आतड्यावर लावून पाहिली, तेव्हा नेमक्या याच विखुरलेल्या पेशी चमकल्या. शिंपल्यात हृदयाशी बोलणाऱ्या रेणूचे नातलग कीटकाच्या पोटात निघाले.

अशी नाती नंतर पुष्कळ सापडली. १९३१ मध्ये घोड्याच्या मेंदूतून आणि आतड्यातून ‘सबस्टन्स पी’ नावाचा रेणू मिळाला होता. त्याच घराण्यातले टॅकिकायनिन १९९० मध्ये टोळात आढळले आणि कीटकांच्या आतड्यातल्या पेशीही ते बनवतात. आपल्या भुकेशी संबंधित न्यूरोपेप्टाइड वाय आणि कीटकांतलं न्यूरोपेप्टाइड एफ हेही एकाच मुळातले. कीटकांची आणि आपली वंशशाखा वेगळी होऊन पन्नास कोटींहून अधिक वर्षं झाली. एवढ्या काळात पायांची संख्या निराळी झाली, एकाचा सांगाडा बाहेर घडला आणि दुसऱ्याचा आत, पण आतड्याने संप्रेरकांतून बोलायची रीत दोघांनीही सोडली नाही. मधुमेहावर आणि वजनावर सध्या गाजत असलेलं सेमाग्लुटाइड हे औषधही आपल्या आतड्यातल्या अशाच पेशींच्या एका संप्रेरकाची, जीएलपी-१ची, नक्कल आहे.

या पेशी सांगतात तरी काय?

याचं सर्वांत स्पष्ट उत्तर फळमाशीकडून मिळालं, कारण तिच्यात एकेका जनुकाची सोय हवी तशी चालू-बंद करता येते. २००६ मध्ये तिच्या मध्यांत्रात मूळपेशी सापडल्या आणि पचनपेशी व संप्रेरकपेशी या एकाच मूळपेशीच्या लेकी आहेत हे कळलं. त्यानंतर एकेका संप्रेरकाचं काम उलगडत गेलं. आतड्यातलं टॅकिकायनिन काढून घेतलं, तर आतड्यात चरबी जास्त बनू लागते. मादीचं मीलन झालं, की आतड्यातून न्यूरोपेप्टाइड एफ सुटतं आणि बीजांडातल्या मूळपेशी वाढतात. म्हणजे अंडी किती धरायची यात आतड्याचाही शब्द चालतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उपाशी नराला प्रथिनयुक्त अन्न दिलं. काही मिनिटांत आतड्यातून डीएच-३१ हे संप्रेरक सुटलं आणि नराने खाणं सोडून मादीचा पाठलाग सुरू केला. २०२३ मध्ये दिसलं, की भरपूर प्रथिनं खाल्लेल्या माश्यांना हादऱ्याने सहज जाग येत नाही, कारण आतड्यातून निघालेलं आणखी एक संप्रेरक मेंदूपर्यंत जाऊन झोप गाढ करतं.

भुंग्यांकडे वळलं, की आपल्या डब्यातल्या पिठात होणारा तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम कास्टेनियम, कामाला येतो. भुंग्यांच्या सुमारे चार लाख ज्ञात जातींपैकी सर्वांत आधी संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तो त्याचा, २००८ मध्ये. कोरड्या पिठावर जन्म काढणाऱ्या या किड्याला पाण्याचा थेंबन्‌थेंब वाचवावा लागतो. त्याच्या उत्सर्जन नलिकांची टोकं पश्चांत्राला घट्ट बिलगलेली असतात आणि विष्ठेतलं पाणी ओढून परत घेतात. त्या नलिकांनी किती पाणी बाहेर सोडायचं, हे डीएच-३७ आणि डीएच-४७ नावाची संप्रेरकं ठरवतात. गेंड्याची अडचण याच्या बरोबर उलटी आहे. त्याचं अन्न म्हणजे माडाचा पातळ रस. पीठ खाणारा भुंगेरा आणि रस पिणारा गेंड्या यांचं आतडं एकाच आराखड्यावर बांधलेलं, पण एकाने पाणी धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने सोडून द्यायचं. हा जमाखर्च संप्रेरकांशिवाय सांभाळता येत नाही.

भुंग्यांच्या मध्यांत्राचा आणखी एक उद्योग आहे. उत्तर अमेरिकेत पाइनच्या सालीखाली राहणारे भुंगेरे झाड सापडलं की गंध सोडून जातभाईंना बोलावतात. हा गंध बनतो कुठे याचा शोध घेताना असं दिसलं, की तो नराच्या मध्यांत्राच्या पेशींत बनतो. भुंगेरा खायला लागला, की त्याच्या रक्तात ज्युव्हेनाइल हार्मोन वाढतं आणि ते मध्यांत्राला गंध बनवायला लावतं. इथे संप्रेरक आतड्याकडून निघत नाही, आतड्याकडे येतं. निरोपांची वाट दोन्ही दिशांनी वाहती असते.

गायरीतली अळी आणि माडावरचा भुंगा

एप्रिल-मेमध्ये कोलाडच्या परिसरात शेतात टाकायला गायरीतलं शेणखत उपसतात. फावड्याच्या फटक्यासरशी इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या जाड अळ्या बाहेर पडतात. डोकं तपकिरी, मागचा भाग काळसर निळा आणि फुगलेला. तो काळसर भाग म्हणजे पश्चांत्र. त्यात कुजलेला काडीकचरा साठतो आणि जीवाणू तो आंबवतात. या घराण्यातल्या अळ्यांच्या मध्यांत्रात अल्कलीचं प्रमाण इतकं असतं, की सामू दहाच्या वर जातो. एवढ्या तीव्र माध्यमात काडीकचऱ्यातले चिवट घटक सुटे होतात. अळी तीन ते सहा महिने हेच करते. शेण, पालापाचोळा, कुजका ओंडका खाते आणि अंगावर चरबी साठवते.

मग ती मातीत कोष करते. कोषात पंख फुटतात, शिंग येतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. आतड्याचं काय होतं ते कुणी सांगत नाही. अळीचं मध्यांत्राचं जुनं अस्तर सबंधच्या सबंध सुटून पोकळीत पडतं आणि तिथेच विरघळतं. मूळपेशी बाहेरच्या बाजूने नवं अस्तर घडवतात. त्यात नव्या पचनपेशी आणि नव्या संप्रेरकपेशी असतात. कोषातून निघणारा भुंगा शेण खाणार नसतो, रस पिणार असतो, आणि त्याच्या आतड्यात त्यासाठीच्या पेशी तयार झालेल्या असतात.

ह्यूगर यांचा विषाणू

आतड्याच्या या अस्तराने गेंड्याच्या बंदोबस्ताचा इतिहास बदलला आहे. १९०९ मध्ये श्रीलंकेहून रबराच्या रोपांबरोबर गेंड्या प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर पोचला. आपल्याकडे तो मूळचा, इथे त्याला खाणारे आणि मारणारे आहेत. तिकडे कुणीच नव्हतं. माडांवर जगणाऱ्या त्या बेटांचा कणा मोडायची वेळ आली. जर्मन शास्त्रज्ञ अलॉइस ह्यूगर भुंग्याचे नैसर्गिक शत्रू शोधायला मलेशियात गेले आणि १९६३ मध्ये त्यांना आजारी अळ्या मिळाल्या. कारण एक विषाणू होता, आजचं त्याचं नाव ओरिक्टेस न्यूडीव्हायरस. १९६७ मध्ये तो सामोआत सोडला आणि भुंग्यांची संख्या झपाट्याने उतरली.

हा विषाणू तोंडावाटे जातो आणि प्रौढ भुंग्याच्या मध्यांत्रात ठाण मांडतो. मूळपेशी भराभर विभागतात, नव्या पेशीही विषाणूने भरतात आणि गळून पोकळीत पडतात. असा भुंगा उघडला तर एरवीचं आतडं दिसत नाही. फुगलेली, दुधाळ पांढरी नळी दिसते. भुंगा लगेच मरत नाही. तो खाणं कमी करतो, मादी अंडी घालेनाशी होते, आयुष्य घटतं. पण उडता येतं तोवर तो उडत राहतो आणि ज्या गायरीत, ज्या शेंड्यात जाईल तिथे विष्ठेतून विषाणू पसरवतो. मीलनातूनही तो पसरतो. अस्तराची झीज भरून काढायला निसर्गाने ठेवलेली मूळपेशींची सोय विषाणूने स्वतःच्या वाढीला वापरली.

कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने हा विषाणू १९८३ मध्ये लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर आणि नंतर अंदमानात सोडला. हेक्टरी दहा ते पंधरा बाधित भुंगे संध्याकाळी सोडावेत, अशी त्या संस्थेची शिफारस आहे. हा उपाय कायमचा मात्र नाही. २००७ मध्ये ग्वाम बेटावर गेंड्याचा जो वाण आढळला त्याला हा विषाणू फारसा बाधत नाही, आणि तो वाण पुढे पापुआ न्यू गिनी, हवाई आणि सॉलोमन बेटांपर्यंत गेला.

ह्यूगर यांचं नाव आणखी एका शोधात येतं. १९८३ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी यांनी पिठातल्या मोठ्या भुंगेऱ्याच्या कोषात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचा भुंग्यांना मारणारा वाण मिळवला. त्याआधीचे माहीत असलेले वाण प्रामुख्याने पतंगाच्या अळ्यांवर आणि डासांवर चालत. या वाणाचं प्रथिन भुंग्याच्या मध्यांत्राच्या पेशींना चिकटतं आणि त्यांना छिद्रं पाडतं. अलीकडे आरएनएवर आधारलेली कीडनाशकं आली, तीही आधी भुंग्यांवरच लागू पडली, कारण अनेक भुंग्यांच्या आतड्याचं अस्तर असा आरएनए सहज आत घेतं. बटाट्यावरच्या कोलोराडो भुंगेऱ्यासाठी असं फवारणीचं औषध अमेरिकेत २०२३च्या अखेरीला मंजूर झालं. अन्न ओळखणारं, पेशी नव्याने घडवणारं हे अस्तर भुंग्याचं बळ आहे आणि त्याला गाठायची सर्वांत सोपी जागाही तेच आहे.

कोलाडच्या वाडीत

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा माड-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. पडलेल्या माडाचा ओंडका उचलला नाही तर तो वर्ष-दोन वर्षांत आतून भुसभुशीत होतो आणि मादीला अंडी घालायला गायरीइतकाच चालतो. वादळाने झाडं पाडली की पुढची काही वर्षं गेंड्या वाढतो, हा अनुभव प्रशांत महासागरातल्या बेटांनीही घेतला आहे. गेंड्याच्या भोकाचा वास लागला की मागोमाग सोंड्या भुंगा येतो, आणि तो तर माडाचा गाभाच पोखरून झाड मारतो. म्हणून गेंड्याचं दुखणं पात्यांच्या कात्र्यांपुरतं नसतं.

उपाय बहुतेकांना तोंडपाठ आहेत, करायचा कंटाळा असतो. गायरी पावसाआधी तळापर्यंत उपसावी, अळ्या वेचाव्यात. आपल्याकडे रानात वाढणारा भांडीर, काही ठिकाणी त्याला कारी म्हणतात, त्याचा पाला शेणखताच्या वजनाच्या दहा टक्के या प्रमाणात गायरीत मिसळावा, अशी कासरगोडच्या संस्थेची शिफारस आहे. त्या पाल्यातली द्रव्यं अळीच्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, कोष नीट होत नाही, निपजलेले भुंगे अधू असतात. मेटारायझियम ही हिरवी बुरशी गायरीत टाकली तर ती तोंडातून नव्हे, अळीच्या त्वचेतून आत जाते. माडाच्या वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत पाव किलो निंबोळी पेंड तितक्याच वाळूत मिसळून भरावी. शेंड्यात ताजा चोथा दिसला तर हुक घालून भुंगा काढावा आणि भोक बुजवावं. नराच्या गंधातलं रसायन १९९०च्या दशकात ओळखलं गेलं; त्याचा गंधसापळा हेक्टरी एक पुरतो. हे सगळं एकट्याच्या वाडीत करून भागत नाही, कारण शेजारच्या गायरीतला भुंगा रात्री कुंपण विचारत नाही. आळीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात गायऱ्या उपसल्या तर फरक पडतो.

आतड्यातल्या संप्रेरकपेशींचं शास्त्र उद्या आणखी नेमकं औषध देईल: फक्त गेंड्याची भूक मारणारं, किंवा फक्त त्याच्या मादीची अंडी थांबवणारं, मधमाशीला आणि माणसाला न लागणारं. त्या दिशेने जगभर काम चाललं आहे. ते औषध कोलाडच्या कृषिकेंद्रात मिळायला लागेल तेव्हा लागेल. तोवर वळवाच्या आधी गायरी उपसा, पडके ओंडके वाडीत कुजू देऊ नका आणि गोठ्यामागे भांडीर उगवला असेल तर तो रान म्हणून उपटून टाकण्याआधी गायरीत घाला.